१३ ऑक्टोबर : एका तारखेचा इतिहास



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे. संपादक मंडळाने आम्हाला निरोप धाडला की इतिहासावर काहीतरी लिहा, पण सगळ्यांना पाठ आहे ते नको. आम्ही विचारात पडलो. आम्ही काही प्राध्यापक नाही. शाळा नववीत सुटली. त्यानंतर सूत गिरणीच्या रिंग खात्यात जन्म गेला, अजून चार वर्षांची नोकरी बाकी आहे. जे काही वाचले ते रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

विषय आम्हाला पोरांनीच दिला. वर्षावासात आपल्या विहारात ग्रंथवाचन झाल्यावर आम्ही मुलांची प्रश्नमंजुषा घेतो. १४ एप्रिल म्हटले की सगळे हात वर. ६ डिसेंबर, हात वर. १४ ऑक्टोबर, सगळे हात वर. मग आम्ही विचारले, "१३ ऑक्टोबर?" सगळे चिडीचूप. मागच्या रांगेतली एक लहान मुलगी उठून म्हणाली, "काका, १४ ऑक्टोबरचा आदला दिवस." सगळी पोरं हसली. भिंतीला टेकून बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "किशोरकुमार गेला तो दिवस."

दोन्ही उत्तरे बरोबरच होती. पण आपण नाशिक जिल्ह्यातली माणसे. येवला आपल्यापासून ८०-८५ किलोमीटरवर, सकाळची एस.टी. धरली तर दुपारच्या जेवणाआधी पोचतो. आणि आपल्याच पोरांना १३ ऑक्टोबर माहीत नाही, यात चूक पोरांची नाही, आपली आहे. म्हणून ह्या एका तारखेचा इतिहास लिहायचे ठरवले.

ज्यांना तारीखच नव्हती

आधी थोडे तारखेबद्दल. आमच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे १ जून. आमच्या वडिलांची १ जून. आमच्या सौभाग्यवतींची १ जून. वस्तीतल्या पन्नाशी-साठीच्या माणसांचे दाखले काढून बघा, निम्म्या लोकांचा जन्म १ जूनचाच निघेल. याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. आईबापांना तारीख सांगता येत नसे, शाळा जूनमध्ये सुरू होत असे, गुरुजी अंदाजाने वय धरत आणि १ जून टाकून मोकळे होत. आम्ही कधी कधी गमतीने म्हणतो, १ जून हा आपल्या समाजाचा सार्वजनिक वाढदिवस आहे.

पण यात गंमत कमी आणि दुःख जास्त आहे. ज्याच्या जन्माची नोंद कुणी ठेवत नाही, त्याच्या मरणाचीही ठेवत नाही. आमचे आजोबा निफाड तालुक्यातल्या एका खेड्यातले. त्यांना स्वतःचा जन्म "पटकीच्या साथीच्या पुढच्या साली" एवढाच माहीत. साथ, दुष्काळ, महापूर, ह्याच खुणा. म्हणजे आमच्या माणसांचे कॅलेंडर संकटांचे होते. आनंदाची, अभिमानाची एकही खूण त्यात नव्हती.

त्याच आजोबांना आमच्या थोरल्या आत्याचा जन्म विचारला की ते ताठ बसून सांगत, "येवल्याच्या परिषदेच्या साली." लहानपणी आम्हाला त्याचा अर्थ कळत नव्हता. आज कळतो. आमच्या घराण्यात साथीवरून नव्हे तर चळवळीवरून मोजलेला तो पहिला जन्म होता.

१३ ऑक्टोबर १९२९ : पुण्याची पर्वती

आता ह्या तारखेला काय काय झाले ते क्रमाने पाहू.

सन १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. पाण्याचा प्रश्न आला, ग्रंथाचा आला, आता देवळाचा येणार हे उघड होते. पुण्यात पर्वतीच्या टेकडीवर पेशव्यांच्या काळातले देवस्थान आहे. तिथे सर्व जातींना प्रवेश, अस्पृश्यांना मात्र मज्जाव. रविवार दिनांक १३ ऑक्टोबर १९२९ रोजी तिथे सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज हे आपले पुढारी त्यात होते. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखे स्पृश्य समाजातले कार्यकर्तेही बरोबर होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. राजभोज जखमी झाले. दार उघडले नाही.

पर्वतीचे नाव आज फारसे कुणी घेत नाही. पण त्या पायऱ्यांवर जो अनुभव आला, तो पाच महिन्यांनी आपल्या नाशिकला आला.

मधली साडेपाच वर्षे : काळाराम

काळाराम मंदिराचा सत्याग्रह आपल्या घराघरात माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. २ मार्च १९३०, वार रविवार. सकाळी परमपूज्य बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. दुपारनंतर सुमारे पंधरा हजार माणसांची मिरवणूक मंदिराकडे निघाली, जवळजवळ मैलभर लांब. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदाकाठी वळली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, पहिली तुकडी दरवाजांवर बसली. त्यात १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. आम्ही मुद्दाम स्त्रियांचा आकडा सांगतो, कारण भाषणात तो गळतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे सत्याग्रह समितीचे चिटणीस. ते आपल्याच जिल्ह्यातले, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे.

योगायोग बघा. ज्या दिवशी आपली माणसे पंचवटीत बंद दारापुढे उभी होती, त्याच दिवशी, २ मार्च १९३० रोजी, गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना मिठाच्या सत्याग्रहासंबंधीचे प्रसिद्ध पत्र लिहिले. त्या पत्राची तारीख शाळेच्या पुस्तकांत येते. पंचवटीतल्या पंधरा हजार माणसांची तारीख त्या मानाने किती पुस्तकांत येते, ते ज्याने त्याने तपासावे.

९ एप्रिलला रामनवमीचा रथ. दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा अशी तडजोड झाली होती, पण ती पाळली गेली नाही. दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. त्यानंतर वर्षानुवर्षे सत्याग्रह चालला. तुरुंग झाले, खेड्यापाड्यांतून बहिष्कार झाले. अखेर ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी दादासाहेबांना कळविले की आता मंदिर प्रवेशावर शक्ती खर्च करू नये. मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण हा लढा उभारला नव्हता, तर आपल्या लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून उभारला होता, असा त्या पत्राचा आशय आहे. पहिली तुकडी बसली त्याला त्या तारखेला बरोबर चार वर्षे झाली होती.

१३ ऑक्टोबर १९३५ : येवला

आता येवला. हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध, एक पैठणी आणि दुसरे तात्या टोपे यांचे जन्मगाव म्हणून. आम्ही सुताच्या धंद्यातले, म्हणून पैठणीचे आम्हाला कौतुक. पण तिसरी प्रसिद्धी आपली आहे आणि ती सगळ्यांत मोठी आहे.

रविवार दिनांक १३ ऑक्टोबर १९३५. मुंबई इलाखा दलित वर्गाची परिषद. सुमारे दहा हजार माणसे जमली. नाशिकचे अमृतराव रणखांबे यांच्यासारखे कार्यकर्ते तयारीत पुढे होते. बाबासाहेब त्या वेळी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्याच वर्षीच्या २७ मे रोजी माता रमाईंचे निधन झाले होते. म्हणजे घरचे दुःख ताजे आणि समाजाचे दुःख जुने, दोन्ही घेऊन ते येवल्याला आले होते.

बाबासाहेब दीड तासाच्या वर बोलले. काळारामसाठी इतकी वर्षे झिजूनही माणुसकीचा साधा हक्क मिळाला नाही, याचा हिशोब त्यांनी मांडला. आणि मग सांगितले की हिंदू म्हणून जन्माला आलो हे आपल्या हातात नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही. परिषदेने ठराव केला की मंदिर प्रवेशाचा लढा थांबवावा आणि ती शक्ती समाजाला स्वतंत्रपणे उभे करण्यासाठी वापरावी.

ह्या एका वाक्याने देश हादरला. गांधीजींनी ही घोषणा दुर्दैवी ठरवली. मुसलमान, ख्रिस्ती, शीख पुढाऱ्यांची निमंत्रणे आली, महाबोधी सोसायटीची तारही आली. बाबासाहेबांनी कुणालाही घाईने होकार दिला नाही. कोणता धर्म घेणार हे येवल्यात त्यांनी सांगितलेच नव्हते. येवल्यात ठरले ते एवढेच, की इथे राहायचे नाही. आमच्या मते जगातल्या इतिहासात असे फार कमी वेळा घडले असेल की एका माणसाने जाहीर केले आणि वाट शोधायला पुढची एकवीस वर्षे अभ्यास केला. ज्या जागी ही घोषणा झाली ती आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर १३ ऑक्टोबरला तिथे आपले लोक जमतात.

आजोबा सभेत होते का?

आता एक कबुली द्यायची आहे. ती ह्या विहारात आम्ही आजवर दिलेली नाही.

आम्ही तरुणपणापासून भाषणे करतो. पंधरा-सोळा वर्षे आम्ही व्यासपीठावरून सांगत होतो की आमचे आजोबा येवल्याच्या परिषदेत अगदी पुढच्या रांगेत बसले होते आणि त्यांनी ती घोषणा स्वतःच्या कानांनी ऐकली. टाळ्या पडायच्या. आजोबा वारले होते, तेव्हा खोडून काढायला कुणी नव्हते. आम्ही मुद्दाम खोटे बोलत नव्हतो. "येवल्याच्या परिषदेच्या साली" ह्या आजोबांच्या एका वाक्यावरून बाकीचे आम्हीच मनाने भरले होते.

एकदा असेच भाषण करून घरी आलो. आमची आजी तेव्हा ऐंशीच्या घरात होती, पण ध्यान पक्के. ती म्हणाली, "काय रं, तुझा आजा पुढं बसला व्हता असं कोन सांगितलं तुला?"

आम्ही गप्प.

ती म्हणाली, "आम्ही दोन बैलगाड्या करून गेलो व्हतो. म्हातारी मानसं, लेकुरवाळ्या बाया गाडीत, बाकी पायी. एवढी मानसं, बैलं बुजायला लागली. मंग कोनीतरी बैलांपाशी थांबायचं. तुझा आजा थांबला. त्याला तिथलं येक अक्षर ऐकू आलं न्हाई."

"मग त्यांना कळले कसे?"

"सांच्याला मानसं माघारी आली. रातभर गाडीत त्येच. ह्यो सांगी, त्यो सांगी. चार जनांनी चार परीनं सांगितलं. शेवट मात्र समद्यांचा येकच."

गावी परतल्यावर आठ दिवसांच्या आत गावात एक बैल मेला. नेहमीप्रमाणे बोलावणे आले. आजोबा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "न्हाई वढनार." आजी सांगत होती की त्यांचे पाय थरथरत होते, ते तिला मागून दिसत होते. पुढे गावकीने बलुते बंद केले, पाणी बंद केले. दोन वर्षांनी ते घर सोडून नाशिकला बांधकामावर आले आणि म्हणून आज आम्ही ह्या वस्तीत आहोत.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. आधी लाज वाटली की इतकी वर्षे लोकांना चुकीचे सांगितले. मग वाटले, आम्ही आजोबांना उगाच पुढच्या रांगेत बसवले. ते मागे होते, बैलांपाशी होते, त्यांनी एक शब्द ऐकला नाही, आणि तरी त्यांनी तो शब्द पाळला. यापेक्षा मोठे आम्ही त्यांना काय करणार होतो? खरा इतिहास आमच्या बनवलेल्या इतिहासापेक्षा मोठा निघाला. तेव्हापासून आम्ही नियम केला, माहीत असेल तेवढेच बोलायचे.

१३ ऑक्टोबर १९५६ : नागपूर, आदला दिवस

येवल्यानंतरच्या एकवीस वर्षांत काय झाले ते सांगायला वेगळी स्मरणिका लागेल. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपावर बंधने घालणाऱ्या कायद्याविरुद्ध मुंबईत कामगारांचा एक दिवसाचा संप झाला, त्यात बाबासाहेब पुढे होते. आम्हा गिरणी कामगारांना हे विसरता येत नाही. १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. पुढे संविधान आले.

आणि मग १९५६. धर्मांतरासाठी १४ ऑक्टोबरची निवड झाली, कारण त्या दिवशी अशोक विजयादशमी होती आणि ते बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे २५०० वे वर्ष म्हणून साजरे होत होते. आदल्या दिवशी, शनिवार १३ ऑक्टोबरला, बाबासाहेब नागपूरच्या श्याम हॉटेलात उतरलेले होते. प्रकृती ठीक नव्हती. संध्याकाळी पत्रकार आले. त्यांनी विचारले, कोणता बौद्ध धर्म? बाबासाहेबांनी सांगितले की जुन्या पंथांच्या वादात आपल्याला पडायचे नाही, बुद्धाने स्वतः जे शिकवले त्याला आपण चिकटून राहू. देशाला कमीत कमी धक्का लागेल असाच मार्ग निवडीन असे आपण पूर्वी गांधीजींना सांगितले होते, आणि बौद्ध धर्म हा याच मातीतला आहे, हेही ते म्हणाले.

म्हणजे बघा, येवल्याला १३ ऑक्टोबरला "इथे राहायचे नाही" हे सांगितले आणि बरोबर एकवीस वर्षांनी १३ ऑक्टोबरलाच "कुठे जायचे" ते पत्रकारांसमोर स्पष्ट केले. दुसऱ्या दिवशी लाखो लोकांच्या साक्षीने, भिक्खू चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून दीक्षा घेऊन, ते प्रत्यक्ष केले आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. तेव्हा प्रश्नमंजुषेतली ती लहान मुलगी अगदी बरोबर होती. १३ ऑक्टोबर हा १४ ऑक्टोबरचा आदला दिवसच आहे. फक्त ह्या दोन दिवसांच्या मध्ये एकवीस वर्षे गेली आहेत.

आणि लगेच येणारी १५ ऑक्टोबर ही दादासाहेब गायकवाडांची जयंती, सन १९०२. १३, १४, १५, सलग तीन दिवस. नाशिकच्या माणसाने हे तीन दिवस एका दमात म्हणायला हवेत.

योगायोग की ठरवून?

आमचे एक मित्र आहेत, भजनी मंडळातले. ते म्हणतात, "तेरा आकड्यात काहीतरी शक्ती आहे. बाबासाहेबांनी मुद्दाम तेरा निवडला." आम्ही त्यांना म्हटले, दादा, हे असे बोलू नका. युरोपात तेरा आकडा अशुभ मानतात, तुम्ही शुभ माना, म्हणजे झाले काय? अंधश्रद्धा तीच, फक्त उलटी. आपण पंचांग सोडले ते काय आकड्यांचे नवे पंचांग करायला?

आणि योगायोगाला गोड-कडू दोन्ही बाजू असतात. २४ सप्टेंबर १८७३ रोजी महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. २४ सप्टेंबर याच तारखेला १९३२ साली पुणे करारावर सही करण्याची पाळी बाबासाहेबांवर आली. तारखेत शक्ती असती तर असे झाले नसते.

पण मित्राच्या बोलण्याने आम्हाला खाज सुटली. आमच्याकडे एक जुनी डायरी आहे, तिच्या शेवटी शंभर वर्षांचे कॅलेंडर आहे. आम्ही एका रात्री वार काढत बसलो. चवदार तळे, २० मार्च १९२७ : रविवार. मनुस्मृती दहन, २५ डिसेंबर १९२७ : रविवार. पर्वती, १३ ऑक्टोबर १९२९ : रविवार. काळाराम, २ मार्च १९३० : रविवार. येवला, १३ ऑक्टोबर १९३५ : रविवार. नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६ : रविवार. आम्ही डोळे चोळून परत बघितले. सगळे रविवार! आणखी एक गोष्ट दिसली, १९२९ आणि १९३५ ह्या दोन्ही सालांचे कॅलेंडर वारानिशी तंतोतंत एकच आहे. म्हणून पर्वती आणि येवला एकाच तारखेला आणि एकाच वारी आले.

हे गूढ नाही, हे साधे आहे. आपली माणसे कोण होती? गिरणीत, रेल्वेत, गोदीत, नगरपालिकेत, पलटणीत काम करणारी. त्यांना यायचे तर सुट्टीच्या दिवशीच येणार. म्हणून परिषदा रविवारी.

मग पुढचा प्रश्न, हा रविवार कुणी दिला? तो काही आभाळातून पडला नाही. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ साली प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता गेले. त्यांनी मिळवलेल्या रविवारवर पुढे महाड, नाशिक, येवला आणि नागपूर उभे राहिले. आमच्या रिंग खात्यात धागा तुटला की सांधावा लागतो, नाहीतर पुढची बॉबिन वाया जाते. फुले, लोखंडे, बाबासाहेब हा धागाही असाच सांधून घ्यावा लागतो. शाळेत तो तुटलेलाच शिकवतात.

आता ह्यात एक कडू गोष्टही आहे. ज्या कामगारांसाठी रविवार मिळाला, त्या मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि आपल्या माणसाचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. पगार जास्त विणकामात, म्हणून आपल्या माणसांना कमी पगाराच्या खात्यात राहावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न धसास लावला. एकाच सुताला धरून बसलेल्या कामगारांतही जात होती, हे विसरून चालणार नाही.

ह्या तारखेला जगात काय झाले

आता थोडे बाहेर बघू. १३ ऑक्टोबर १८८४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेत ठरले की इंग्लंडमधल्या ग्रीनिच गावावरून जाणारी रेषा ही शून्य रेखांश धरायची. जगभरची घड्याळे पुढे त्यावरून लागली. ज्या साली लोखंडे कामगारांचे तास मोजत होते, त्याच साली तिकडे जगाचे तास मोजले जात होते.

१३ ऑक्टोबर १९११ रोजी दार्जिलिंगला भगिनी निवेदिता वारल्या. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या ह्या बाईने कलकत्त्यात मुलींची शाळा चालवली. आणि त्याच दिवशी, त्याच साली भागलपूरला अशोककुमार जन्मले. हे नाव इथे घेण्याचे कारण आहे. येवल्याच्या घोषणेनंतर वर्षभराने, १९३६ साली, बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' हा चित्रपट आला. त्यात ब्राह्मण मुलाचे काम अशोककुमारांनी आणि रेल्वे फाटकवाल्याच्या अस्पृश्य मुलीचे काम देविकाराणींनी केले. चित्रपट गाजला, लोक रडले. पण शेवटी त्या मुलीला मरावे लागते. आम्हाला नेहमी वाटते, तिकडे पडद्यावर अस्पृश्य मुलगी त्याग करून मेली म्हणून लोक हळहळत होते आणि इकडे येवल्यात दहा हजार माणसे जगायचे ठरवून घरी गेली होती. दया वेगळी आणि हक्क वेगळा, तो असा. अशोककुमारांचे धाकटे बंधू किशोरकुमार १३ ऑक्टोबर १९८७ रोजी, म्हणजे थोरल्या भावाच्या वाढदिवशीच, मुंबईत गेले. भिंतीला टेकून बसलेल्या त्या गृहस्थांचे उत्तरही म्हणून आम्ही पूर्ण गुणांचे धरले.

१३ ऑक्टोबर १९२५ ही मार्गारेट थॅचर यांची जन्मतारीख. त्या इंग्लंडच्या पंतप्रधान असताना १९८४-८५ साली तिकडच्या खाण कामगारांचा वर्षभराचा संप चिरडला गेला. त्याच्या थोडे आधी, १८ जानेवारी १९८२ पासून, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप झाला होता आणि तोही असाच मोडला. देश वेगळे, हाल सारखे.

पण याच तारखेला खाण कामगारांची एक आनंदाची गोष्टही आहे. दक्षिण अमेरिकेत चिली देशात ५ ऑगस्ट २०१० रोजी खाण कोसळून ३३ कामगार सुमारे ७०० मीटर खोल अडकले. ६९ दिवस ते जमिनीखाली होते. १३ ऑक्टोबर २०१० रोजी एका अरुंद पाळण्यातून एकेक करत सगळेच्या सगळे ३३ जण जिवंत वर आले. आम्ही त्या दिवशी रात्रपाळीला होतो, कँटीनच्या टीव्हीपुढे सगळे खाते उभे होते. शेवटचा माणूस वर आला तेव्हा आमच्यातल्या काहींच्या डोळ्यांत पाणी होते. मग २०१६ साली ह्याच दिवशी थायलंड ह्या बौद्ध देशाचे राजे भूमिबोल सत्तर वर्षांच्या कारकिर्दीनंतर वारले.

आपण काय करायचे

आता शेवट. एका वर्षी आम्ही १३ ऑक्टोबरला येवल्याला जायला रजेचा अर्ज दिला. साहेबांनी विचारले, "त्या दिवशी कोणता सण आहे?" आम्ही सांगितले, सण नाही, आमच्या आजोबांनी मेलेले ढोर ओढायचे सोडले त्याची सुरुवात आहे. त्यांना समजले नाही. एक दिवसाचा पगार कापला गेला. आम्ही गेलो. तो पगार आम्हाला कधी आठवला नाही, तो दिवस आठवतो.

आमची समाजबांधवांना दोन कामांची विनंती आहे. पहिले, विहाराच्या भिंतीवर जे महत्त्वाचे दिवस रंगवले आहेत त्यात १३ ऑक्टोबर येवला ही ओळ घालावी आणि दरवर्षी निदान एक बस भरून पोरांना मुक्तिभूमीवर न्यावे.

दुसरे काम जास्त तातडीचे आहे. येवला पाहिलेली पिढी गेली. १९५६ चे नागपूर लहानपणी आईबापांच्या बोटाला धरून पाहिलेली माणसे आज ऐंशीच्या आसपास आहेत. आपल्या वस्तीत अशा तीन आजी आणि एक आजोबा आम्हाला माहीत आहेत. विहारात एक साधी शंभर पानी वही ठेवावी. त्यात त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत, तारीख टाकून लिहून घ्यावे. पुढच्या रांगेत बसलेल्यांचे लिहाच, पण बैलांपाशी थांबलेल्यांचेही लिहा. भाकरी कुणी बांधून दिली, पायात वहाण होती का, परतल्यावर घरातले देव कुणी बाहेर काढले, हे सगळे विचारा. आणि आम्ही केली ती चूक करू नका. त्यांनी सांगितले नाही ते आपल्या मनाने भरू नका.

वहीचे पहिले पान आम्ही आमच्या आजीच्या सांगण्यावरून लिहून दिले आहे. आजी आता नाहीत. त्यांची जन्मतारीख कुठे सापडली नाही. पण शेवटची तारीख आम्ही विहारातल्या नोंदवहीत, वार लावून, शाईने लिहून ठेवली आहे. आपल्या घरातल्या कुणालाही यापुढे १ जूनवर भागवायची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा.

नमो बुद्धाय. जयभीम.